बोटावर ज्वारीचा दाणा

हल्ली माणसं वजन उतरवायला पोट कापून लहान करून घेतात. आमच्याच गल्लीतल्या एक बाई गेल्या वर्षी करून आल्या. चार महिन्यांत त्यांचे ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. परवा दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "काका, मी आता ठणठणीत आहे. ते कॅल्शियम नि ती सुई, सगळं बंद केलं." मी त्यांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि चांगलं झापलं. त्या गेल्यावर बायको म्हणाली, परक्या बाईवर कशाला ओरडता? माझं पोट हौसेने कापलेलं नाही, पण कापलेल्या पोटाचा अनुभव मला त्या बाईंपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी उधन्याला लूमच्या खात्यात कामाला होतो. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. कापड विणणारे वेगळे, माझं काम बीम जोडायचं. लूमवरचा ताण्याचा, उभ्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, संपला की नवा चढवतात. जुन्याची शेवटची टोकं लूममध्ये अडकलेली असतात, नव्याची टोकं बाहेर लोंबत असतात. मी लूमच्या मागे बसायचो, चिमटीला राख लावायचो आणि जुनं एक टोक, नवं एक टोक असं घेऊन पीळ द्यायचो. हजारो टोकं. एवढ्या बारीक धाग्यापुढे डोळे फार वेळ टिकत नाहीत, सगळं काम बोटांच्या शेंड्यांवर चालतं. दोन धागे चुकून एकत्र आले तर बोटाला लगेच कळायचं. हात चालू असताना मी शेजारच्याशी गप्पा मारायचो, भांडायचोही. माझ्यापाशी शिक्षण नव्हतं, शेती नव्हती, गोड बोलणंही नव्हतं. ती दहा बोटं होती, आणि त्यांच्यामुळे खात्यावर देखरेख करणारा मास्टर माझा तिरसटपणा सहन करायचा.

रिकाम्या पोटी चहा आणि दिवसभर तंबाखू, असं मी पंधरा वर्षं केलं. मग अल्सर झाला, एकदा रक्ताची उलटी झाली आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात माझं अर्ध्याहून जास्त पोट काढून टाकलं. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवलं. ते सुरती, आम्ही खानदेशी, म्हणून बोलणं हिंदीतून. "पांढरी गोळी कॅल्शियमची. एक सकाळी, एक संध्याकाळी, खाल्ल्यावर, चावून. दोन्ही एकदम नाही, शरीर एका वेळी थोडंच घेतं. तपकिरी गोळी लोहाची. दुपारी, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर नाही, पांढरीबरोबर तर मुळीच नाही, मध्ये दोन-तीन तास गेले पाहिजेत. आणि ही लाल सुई महिन्याला एक." मी विचारलं, किती महिने? ते म्हणाले, "महिने नही भाई, जिंदगीभर." बायकोने मान हलवली. मीही हलवली, पण मला तो हिशेब काही पटला नव्हता. आजार कापून काढला, मग औषध कशाला?

पहिले सहा-सात महिने मी सगळं नीट केलं. बायको बारीक लक्ष ठेवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिने स्वतःची एक पद्धत काढली होती. गोळ्यांचं रिकामं पाकीट मी तिला दाखवायचं, ती ते खिडकीतल्या डब्यात टाकायची. "गोयी लिधी का तुम्हीन?" हा प्रश्न मी दिवसातून तीनदा ऐकायचो. खात्यात मास्टर मला 'आधा पेटवाला' म्हणायला लागला होता. डबा उघडला की चार माणसं वाकून बघायची, आज अर्ध्या पोटवाल्याने काय आणलंय. मी थोडं-थोडं सहा वेळा खायचो, त्यावरही चेष्टा. मला त्या चेष्टेचा फार राग यायचा. आणि पांढरी गोळी चावताना तोंडात जो खडूसारखा लगदा व्हायचा, तो त्या रागातच मिसळून जायचा. अंगात ताकद आली होती, भाकरी पचत होती. मी पूर्ण माणूस आहे, रोगी नाही, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं.

ती संधी आईने दिली. आई गावाला, अमळनेरच्या पुढे, माझ्या धाकट्या भावाकडे असायची. तिचे गुडघे दुखायचे. आमच्या गल्लीत रोज कोण ना कोण भुसावळच्या गाडीने गावाकडे निघालेलं असायचं, आणि जाणाऱ्याच्या हाती काहीतरी द्यायचं ही रीतच होती. कुणी साडीचे उरलेले तुकडे द्यायचा, कुणी बिस्किटं, आणि सगळे द्यायचे ते औषध. सुरतेचं औषध म्हणजे गावाकडे मोठी गोष्ट. ज्याचा मुलगा सुरतेहून औषध धाडतो, त्या म्हातारीचा ओट्यावर मान असायचा. माझ्या आईला मी तोवर काहीच धाडलं नव्हतं.

कॅल्शियम हाडांना, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गुडघा म्हणजे हाडच. मी पांढऱ्या गोळ्या पाकिटातून काढायला लागलो. रिकामं पाकीट बायकोला दाखवायचं, गोळ्या एका जुन्या बाटलीत टाकायच्या. बाटली भरली की जाणाऱ्याच्या हाती. लाल सुयांचंही तेच झालं. सहा महिन्यांच्या सहा सुया, म्हणजे लाल औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या, दवाखान्यातून एकदम मिळायच्या, आमच्या गल्लीतला कंपाउंडर टोचून द्यायचा. बायकोला सांगायचो, टोचून आलो. आणि सुया कापसात गुंडाळून गावी धाडायचो. ताकदीची सुई आहे, तिकडच्या कंपाउंडरकडून घे, असा निरोप. तपकिरी गोळी तेवढी मी घ्यायचो, कारण रक्ताची उलटी आठवली की भीती वाटायची. पण तीही खात्यातल्या चहाबरोबर. म्हणजे तिचाही फारसा उपयोग नव्हता.

महिना-दोन महिन्यांनी उलटा निरोप यायचा. म्हातारी रोज गोळ्या घेते, सुयाही घेते, पाय मोकळे झाले म्हणते. निरोपाबरोबर तुपाची बरणी. घट्ट, रवाळ, म्हशीचं तूप. माझ्या पोटाला ते मुळीच चालायचं नाही. चमचाभर खाल्लं तरी घाम फुटायचा, छाती धडधडायची, तासभर आडवं पडावं लागायचं. मी ते बायकोला खायला सांगायचो आणि गावी कळवायचो, तूप खाऊन तब्येत चांगली सुधारली. सणावारी गावी गेलो की विचारायचो, "माय, गोया लेस ना?" ती म्हणायची, "लेस रे भाऊ, लेस. तू तूप खास ना?" मी म्हणायचो, "खास." इतकं छान चाललं होतं सगळं.

तीन वर्षं मला काही झालं नाही. ही मोठी वाईट गोष्ट. लगेच काही झालं असतं तर शहाणा झालो असतो.

मग एक दिवस राख लागेनाशी झाली. चिमटीत राख घेतली की तिचा खरखरीतपणा कळतो. तो कळेना. मला वाटलं राखच जास्त बारीक आहे. मी दुसरीकडून आणली. हळूहळू धागा चिमटीत आहे की निसटला, हे बघितल्याशिवाय समजेना. मी खाली वाकून, डोळे ताणून जोडायला लागलो. गप्पा बंद झाल्या. कापडात रेघा पडायला लागल्या, एका जोडात दोन-दोन धागे. मास्टर दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडला नाही. त्याने मला शांतपणे उठवलं आणि कापडाच्या घड्या घालायच्या कामाला बसवलं. माझ्या जागेवर दुसरा माणूस आला. तो हात चालवता-चालवता गाणी म्हणायचा.

त्या काळाबद्दल सांगायचं तर मला काही वाटलंच नाही. खरंच सांगतो. राग माझा सगळ्यात जवळचा, तोसुद्धा आला नाही. सकाळी जायचो, घड्या घालायचो, परत यायचो. बायको विचारायची, "गोयी लिधी का?" मी रिकामं पाकीट पुढे करायचो. पायाखालची फरशी गादीसारखी लागायची. घरी मी बोटांबद्दल एक अक्षर बोललो नाही, कारण बोललो असतो तर बाटलीबद्दल बोलावं लागलं असतं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघं गावी गेलो. खानदेशी माणूस दिवाळी एकवेळ सुरतेत काढेल, आखाजी नाही. एसटीतून उतरून घरापर्यंत अर्ध्या तासाची पायवाट होती. ऊन मरणाचं. बायको डोक्यावर पिशवी घेऊन पुढे, मी मागे. अंगणात पोचलो तेव्हा आई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"एक चप्पल कोठे शे रे तुनी?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठे सुटली, मला पत्ता नव्हता. वैशाखातल्या जमिनीवरून मी तसाच आलो होतो. आईने मला ओट्यावर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. तळव्याला फोड आले होते, आणि टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता, बोटाच्या पेरभर लांब. ती काटा उपसायला लागली. मी वर आढ्याकडे बघत बसलो होतो. काटा निघाला तेव्हाही मी तसाच बसलेलो होतो.

"तुले दुखत नही का?"

"नही."

तिने काटा उजेडात धरून बघितला. मग माझ्या हाताची बोटं धरली, एकेक करून दाबली, नखांनी दाबली. मी नाहीच म्हणत होतो. खोटं बोलायला तिने वेळच दिला नव्हता. बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हाई कितला दिवस व्हयनात?" आणि मी सांगून टाकलं. बोटं, रेघा, घड्यांचं काम, बाटली, सुया, सगळं. सांगतानाही आवाज सरळ होता. कुणा दुसऱ्याची हकीकत सांगावी तसा.

बायकोने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "रिकामी पाकिटं दाखाडात तुम्हीन माले. तीन वरीस." एवढं बोलून ती आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आई उठली, तिनेही घरात जाऊन काहीतरी शोधलं आणि एक फडकं माझ्यापुढे उलगडलं. आत कापूस, कापसात लाल सुया. मी धाडलेल्या सगळ्या. एकही फोडलेली नव्हती. "सुईना माले भ्याव वाटस," ती म्हणाली. "तू थकी जाशी तव्हय तुले कामे येतीन म्हनीसन ठेवेल शेतस."

"आनि गोया?"

ती गोठ्याकडे बघायला लागली. मग हळूहळू तिने सांगितलं. पहिली बाटली आली त्याच महिन्यात म्हैस व्यायली आणि बसली, उठेना. गुरांच्या डॉक्टरने सुई देऊन उठवली आणि सांगितलं, हिच्यात कॅल्शियम कमी आहे, देत राहा. कॅल्शियम हा शब्द गावात फक्त गुरांपुरताच माहीत होता, ते म्हशीलाच दिलं जायचं. आणि आईकडे तर सुरतेचं बाटलीभर कॅल्शियम आलेलं. तिने गोळ्या कुटून भरड्यात घालायला सुरुवात केली. म्हैस दुधाला चांगली लागली. त्या दुधाचं तूप काढून ती मला धाडत होती.

गोठ्याच्या दारात उभा असलेला भाऊ हसला. खरं म्हणजे हसण्यासारखंच होतं. दावणीला म्हैस उभी होती, काळीभोर, मजबूत, माझी तीन वर्षांची हाडं तिच्या पोटात. मलाही हसायला हवं होतं. मी नुसता बघत राहिलो.

सुरतेला परत आल्यावर बायकोने मला डॉक्टरांपुढे उभं केलं आणि सगळं स्वतः सांगितलं, तिच्या मोडक्या हिंदीत. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी सुयांचं ते फडकं बघितलं आणि बाजूला ठेवलं, त्या आता निकामी होत्या. म्हणाले, लाल सुईत जे असतं त्याचा साठा शरीरात असतो, घरच्या कोठीत धान्य असतं तसा. पोट कापल्यावर नवं धान्य आत येत नाही, जुन्यावर काही वर्षं निघतात. माणसाला वाटतं, काही बिघडलं नाही. कोठी रिकामी झाली की नसा सुकायला लागतात. मी विचारलं, बोटं परत येतील? ते म्हणाले, काही येतील, काही नाही येणार, उशीर झालाय, आता रोज सुई, मग आठवड्याला, मग महिन्याला, आणि गोळ्या मी सांगितल्या तशाच. माझ्या बोटांचं काय होणार ते त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

आई त्याच आठवड्यात आमच्याकडे राहायला आली. बोलावलं नव्हतं. भावाच्या गळ्यात म्हैस टाकून आली.

तिला घड्याळ कळत नव्हतं. तिने आमच्या गल्लीच्या वेळा दोन दिवसांत पाठ केल्या. सकाळी नळ यायचा, माझी न्याहारी व्हायची, मग पांढरी गोळी. समोरच्या शाळेतली पोरं दुपारी सुटली की तपकिरी, लिंबूपाण्याबरोबर, आणि त्यानंतर चूल पेटेपर्यंत मला चहा नाही. संध्याकाळी जेवण झालं की दुसरी पांढरी. रिकाम्या पाकिटावर तिचा विश्वास नव्हता. गोळी ती माझ्या तळहातावर ठेवायची, मी चावताना समोर बसायची आणि मग म्हणायची, "तोंड उघाड." चाळिशीच्या माणसाने आईपुढे आ करून जीभ वर करायची. बायको पाठ फिरवून भाकरी थापत राहायची. तिने माझ्याशी बोलणं नव्याने सुरू केलं होतं, पण गोळ्यांबद्दल विचारणं कायमचं सोडून दिलं होतं. मला त्या प्रश्नाची आठवण यायची.

दुपारी तपकिरी गोळी झाली की आई ज्वारीचे चार-पाच दाणे घेऊन बसायची. डबा बंद करून मी आता खात्यातून जेवायला घरी येत होतो. "डोया झाक," म्हणायची. मी डोळे मिटून हात पुढे करायचो. ती एका बोटाच्या शेंड्यावर दाणा ठेवायची.

"लागनं का?"

पहिले पंधरा दिवस मी नाही म्हणालो. नाही म्हणालो की ती दाणा उचलायची, दुसऱ्या बोटावर ठेवायची. तिथेही नाही. एकदा डोळे उघडून तिचं तोंड बघितलं आणि पुन्हा तसं बघायची माझी तयारी नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की दाणा ठेवताना तिच्या बांगड्या वाजतात. बांगड्या वाजल्या की मी थोडा थांबून म्हणायचो, "हा, लागनं." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, हरखली असेल. त्यानंतर मी रोज एक-एक बोट वाढवत नेलं. अंगठा आला, तर्जनी आली, मधलं आलं. असं करत मी तिच्यासाठी पाचही बोटं बरी करून दिली. मला अजून चप्पल पायात आहे की नाही हेही बघून ठरवावं लागत होतं.

त्या दुपारीही तसंच. डोळे मिटले, हात पुढे केला, बांगड्या वाजल्या.

"लागनं का?"

"हा. लागनं."

पुन्हा बांगड्या वाजल्या.

"आते?"

"हा. बोटना शेंडाले लागनं."

ती पुढचं बोट धरेना. मी डोळे उघडले. माझा तळहात रिकामा होता. पाचही दाणे तिच्या मांडीवर, लुगड्याच्या घडीत पडलेले होते आणि तिचे दोन्ही हात त्यांच्या बाजूला.

"आज मी दाना ठेवाच नही," ती म्हणाली. "काल बी नही."

आत भाकरीचा आवाज थांबला. आईने एक दाणा उचलला आणि हात माझ्या हाताजवळ आणला.

"डोया झाक."

मी झाकले. बांगड्या वाजल्या.

"लागनं का?"

"नही, माय," मी म्हणालो. "नही लागनं."

"बरं," ती म्हणाली, आणि दाणा माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. मग आत हाक मारून बायकोला म्हणाली, "उद्यापासून तू इचार त्याले गोयीनं. आते सांगी तो खरं."